मारताना सरकार कुठे होतं?

माझा धाकटा भाऊ शिंपी. खडूची रेघ न मारता कापड सरळ कापायचा, असा त्याचा हात. एका संध्याकाळी दुकानासमोरून चोर पळाला, मागून हवालदार आला, आणि चोर सापडेना म्हणून जो सापडला त्यालाच त्याने काठीने झोडपलं. भावाच्या उजव्या हाताची बोटं मोडली. चोर दुसऱ्या दिवशी भलतीकडेच सापडला. हवालदाराला शिक्षा झाली ना! त्याची बदली केली, त्याच्या घराजवळ. बिचारा!

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर बोटं पुन्हा वळतील. खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा होता. मग मी सरकारवर दावाच ठोकला.

"ताई, नको गं. सरकारच्या नादी कोण लागतं?" भाऊ म्हणाला.

"मी लागते. तू गुमान चहा पी."

डाव्या हाताने पिताना त्याचा अर्धा चहा बशीत सांडायचा. मला ते बघवायचं नाही.

कोर्टात सरकारी वकील फार गोड बोलले. "झालं ते वाईटच. पण निरपराध्याला मारणं हवालदाराच्या कामात बसत नाही. त्यामुळे मारताना तो सरकार नव्हताच. खासगी इसम होता."

अगं बाई! म्हणजे गणवेश सरकारचा, काठी सरकारची, पगार सरकारचा. काठी खाली येताना तेवढं सरकार चहा प्यायला गेलं होतं!

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते. मला काही राहवेना. "वकीलसाहेब, माझ्या भावाने तेव्हा त्या खासगी इसमाच्या एक कानफटात ठेवून दिली असती तर?"

"तर आत गेला असता!" वकील उसळले. "सरकारी कामात अडथळा आणला म्हणून!"

सगळं कोर्ट खो-खो हसलं. न्यायाधीशांनी विचारलं, "अजून काही बोलायचंय, वकीलसाहेब?" वकिलांनी पाणी मागितलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. हवालदाराने केलं ते सरकारनेच केलं, तेव्हा हाताचं ऑपरेशनही सरकारनेच करून द्यावं. त्या दिवशी मी गल्ली डोक्यावर घेतली.

काही दिवसांनी सरकारचा निरोप आला. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात, सरकारी डॉक्टरच करणार.

भाऊ आपल्या वाकड्या बोटांकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "ताई, तो डॉक्टर तरी सरकार असेल ना गं?"

मी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "असेल रे बाळा. चूक होईपर्यंत असेल."