पुराचे पान

मी एक जुने कॉमिक आहे. माझे मुखपृष्ठ कधीच गळून पडले, कडा पिवळ्या पडल्या आणि पाठीला गादीचा जाड दोरा घालून मला शिवलेले आहे. तरी मित्रांनो, मला दुबळे समजू नका. माझ्या पोटात गगनबाहू राहतो! अंगावर पिवळा झगा, मनगटात लोखंडी कडी, आणि एका उडीत डोंगर ओलांडण्याची रग.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला. एकामागून एक रंग माझ्या अंगावर चढले. निळ्या रंगाच्या वेळी कागद जरासा सरकला, म्हणून माझ्यातल्या नद्या काठ सोडून वाहताना दिसतात. छापणारा मला बाजूला टाकणार होता. पण गठ्ठा बांधायची घाई होती, त्यात मी निसटलो आणि धुळ्याच्या एसटी स्टँडवर येऊन पोहोचलो.

तिथे मला जब्बार पिंजाऱ्याने उचलले. शहाद्याला त्याचे छोटेसे दुकान होते आणि मागेच घर. पिंजण खांद्यावर टाकून तो गावोगाव कापूस पिंजायला जाई, गाद्या भरून देई. त्याला माझे अक्षर वाचता येत नव्हते. चित्रे पाहूनच तो भुलला आणि लेकीसाठी, सुरैय्यासाठी, मला घरी घेऊन आला.

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. शाळा सुटली की सुरैय्या, तिची मैत्रीण वत्सला आणि शेजारचा पितांबर दुकानाच्या ओट्यावर जमत. सुरैय्या मोठ्याने वाची आणि जब्बार हातातली सुई थांबवून ऐके. मग वाद सुरू होत.

"मारुती अन् गगनबाहूनी कुस्ती लागनी तं कोन जिंकी?" पितांबर विचारी.

"कुस्ती कसाले लागी?" जब्बार म्हणे. "दोन्ही आपलाच शेतस."

आणि दिवा लावायच्या आधी त्याची एकच फर्माईश असे, "पोरी, पूरनं पान काढ."

त्या पानावर बांध फुटतो. गगनबाहू खिंडारात खांदा लावून उभा राहतो आणि गाव टेकडीवर चढेपर्यंत नदी अडवून धरतो. "देख, कसा उभा शे पठ्ठ्या!" असे म्हणताना जब्बारची स्वतःचीच छाती फुगे.

अडुसष्ट सालच्या श्रावणात तापीपलीकडच्या एका गावाहून जसोदाबाई नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यासाठी नवी गादी हवी होती. जब्बार नावेतून पलीकडे गेला. आणि त्यानंतर तापीला पूर आला.

मित्रांनो, माझ्यातला पूर एका पानाचा होता. हा पूर पान उलटून संपेना. काठच्या गावांतली माणसे बैलगाड्या भरून शहाद्याला आली आणि कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये उतरली. कोणी म्हणे, पलीकडचे ते गाव पाण्याखाली गेले. कोणी म्हणे, माणसे वाचली. सुरैय्याची आई सकीना दारातून हलेना. चुलीवर चहा उकळून आटून जाई.

तशा एका संध्याकाळी तिघे पुन्हा ओट्यावर बसले. सवयीने सुरैय्याने मला मांडीवर घेतले, पण उघडले नाही.

"त्या शेडमधली पोरगी सांगी ऱ्हायनी व्हती, तिनी आजी वाही गयी," वत्सला हळूच म्हणाली. "अन् आपन चित्रं देखानी का?"

पितांबरला गगनबाहूचा अपमान सहन झाला नाही. "तो मुंबईम्हा ऱ्हास. त्याले तापी कोठे शे, काय माहीत?"

"आते तं माहीत पडनं ना? मंग कोठे शे तो?"

सुरैय्या एकाएकी उठली. "कोठेच नही तो! खोटं शे सगळं!" तिने मला उघडले, पुराचे पान टरकन फाडले आणि आत जाऊन चुलीत घातले.

दुखले नाही असे मी म्हणणार नाही. पण लगेच ती दाराकडे वळून बापाची वाट पाहू लागली, ते पाहून माझे दुखणे मला लहान वाटले. सकीना रागावली नाही. तिने पानाचा बाहेर राहिलेला कोपरा चिमट्याने आत ढकलला आणि लेकीला जवळ ओढले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जब्बार आला! गुडघ्यापर्यंत चिखल, एकाच पायात चप्पल, खांद्यावर पिंजण, तिची दोरीसारखी तात तुटलेली. सकीनाने आधी त्याचा हात चाचपून पाहिला, मग ती कडाडली, "कोनी इतला उशीर करस का?" आणि तिथेच मटकन बसून ती हसू लागली. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर हसू. सुरैय्या बापाच्या चिखलाच्या पायांना मिठी मारून बसली, ती सोडीचना. माझ्या पानापानांतला श्वास मोकळा झाला.

चहा झाला, भाकरी झाली. मग सवयीने जब्बार म्हणाला, "पोरी, पूरनं पान काढ."

सुरैय्याने मला पाठीमागे लपवले. अखेर सुरैय्या म्हणाली, "अब्बा, ते पान मी जाळी टाकं. तुम्ही उनात नही. तो बी उना नही. मंग मी..."

मला वाटले, आता तो चिडेल. तो चिडला नाही.

"आम्ही सगळा शाळाना धाबावर व्हतूत," तो सांगू लागला. "जसोदाबाईनी लेक बी तठेच. खाले पाणीच पाणी. पोरे रडी ऱ्हायन्तात. मंग मी त्यासले तेच पान सांगाले लागनू. म्हनं, गगनबाहू निंघना शे. आते त्यानी सातपुडा वलांडा. आते भाकर खावाले बसना. पोरे इचारेत, कव्हय ई? मी गगनबाहूले वाटम्हा आखो एक काम लाई दिऊ."

"मंग उना का तो?" पितांबरने विचारले.

"नही उना. पन त्यानी वाट देखता देखता पाणी उतरी गयं."

वत्सला मात्र खाली पाहत होती. "अन् ज्या वाही गयात, त्या?"

जब्बार तिच्याजवळ सरकला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "त्यासनाकरता मन्हाजोडे गोष्ट नही, बेटी."

मित्रांनो, गगनबाहूवरचा तो वाद तिथेच मिटला. तिघेही पुन्हा मला वाचू लागले, आणि शेडमधल्या त्या पोरीलाही ओट्यावर घेऊन आले. जब्बारने गादीच्या दोऱ्याने माझी उसवलेली पाठ शिवून दिली.

पुढे सुरैय्याबरोबर मी तिच्या सासरी विसरवाडीला गेलो. तिच्या मुलांनी मला हाताळले. नंतर नवी, चकचकीत पुस्तके आली आणि मी गाद्यांच्या थप्पीखाली दबून राहिलो. आताशा कोणी मला काढलेच, तर नदी बांधाला धडका देताना दिसते आणि पुढच्याच पानावर गाव गगनबाहूला हार घालते. वाचणारा बुचकळ्यात पडतो.

म्हणून एवढेच मागणे आहे. जुने पुस्तक हाती आले आणि त्यातले मधले पान नसले, तर ते रद्दीत घालण्याची घाई करू नका. त्याला दोन टाके घाला, आणि घरात विचारून पाहा. कोणीतरी हातातले काम बाजूला ठेवील, घसा साफ करील आणि सांगू लागेल.