कोकरं पिऊन होईपर्यंत

सुमे, ये बाई, अशी जवळ बस. फोन उचलत नाहीस, म्हणून मावशीनं कागदाशी बोलायचं का? शोभतं का तुला? ऐक आता.

गिरणेच्या कोरड्या वाळूवरून सांजवारा सुटला की त्यात लोकरीचा नि दुधाचा वास असतो, आणि त्या वासामागून हिराबाई येते. तीच गं, साक्रीकडची ठेलारीण, दर उन्हाळ्यात आपल्या रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवणारी. उंच, करपलेल्या निंबासारखी, आणि पावलांत मात्र भरल्या नदीची लय. ती आली की धुळीचंसुद्धा सोनं व्हायचं. शेकडो खुरांचा तो मंद, अखंड नाद मला पावसासारखा वाटायचा.

तू मोबाईल धरायला शिकवलास आणि मी तिचे फोटो काढत सुटले. दूध काढणारी हिराबाई, काटा उपसणारी, झऱ्यासाठी वाळू उकरणारी. पण समोर उभी राहा म्हटलं की हसायची. "आक्का, बठ्ठा कोकरा पिऊ दे, मंग काढजो मना फोटू." एकेक कोकरू आपल्या आईला लावून होईपर्यंत क्षितिजावरची शेवटची तांबूस रेघही विझायची. मोबाईलचा झगझगीत दिवा मारला तर मेंढ्या बुजतात. मी म्हणायची, उद्या काढू. ती टोमणा मारायची, "तुले मेंढीनंच तोंड आवडस, मनं नही!"

असे नऊ उन्हाळे आम्ही दोघींनी उद्यावर टाकले.

यंदा कळप आला तो निम्मा, बरगड्यांचा. पुढे हिराबाई नव्हती, तिची लेक होती. वाटेत पाणी शोधायला गेलेली माय बाभळीखाली पडली ती उठलीच नाही. पोरीनं माझा हात धरला. "आक्का, मायनं तोंड दिसस असा एक तरी फोटू शे का?"

सुमे, मी या मोबाईलमधले बठ्ठे, एकूण एक फोटो चाळले. पाठ आहे, कपाळावर आडवा धरलेला हात आहे, वाळूवर लांबलेली सावली आहे, मेंढ्यांची तोंडं तर किती! तिचं एकही नाही. मी तिचं जगणं टिपत राहिले गं, आणि तीच निसटली. पोर रोज सांजेला दाराशी येते, उभी राहते. मला तिच्याकडे बघवत नाही.

तो जुना मोबाईल तू दुरुस्तीला नेलास ना? त्यात पहिल्या दोन उन्हाळ्यांचे फोटो आहेत. तेव्हा मला नीट काढता येत नव्हतं. चुकून कधी तिनं मान वर केली असेल. चुकून.

विहिरीनं तळ गाठलाय, चार दिवसांत कळप उठेल, पोरही जाईल. काळ माणसाला एकदम नेत नाही, बाई. आधी देह नेतो, मग सावकाश चेहरा. डोळे मिटले तर मलाही आता तिचा हातच दिसतो, उन्हाआड धरलेला. तो हात खाली आला नि मागे चेहराच नसला तर? त्याआधी मोबाईल घेऊन ये. ये गं लवकर.