कोरं सारवण

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ते शेण नव्हतं. तो बर्न्ट अंबर होता, गडद तपकिरी, त्यात थोडा पिवळा ऑकर, आणि दोन्ही रंग मी माझ्या पगारातून नागपूरहून आणले होते. तरी आमच्या खोलीत पाय ठेवणारा प्रत्येक माणूस त्या चित्राकडे बघून पहिलं काय म्हणायचा? "सारवलं वाटते?" घरमालक प्रभाकरराव तर वाकून हुंगून गेले. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, कचेरीत बसता, पेपर वाचता, फरशीवर कोणी सारवते का?

साल चौऱ्याऐंशी. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी आणि माझी माय, आनंदाबाई, राहत होतो. वर्ध्याच्या एका शाळेत मी चित्रकलेची मास्तरीण होते. दिवसभर पोरींकडून पोपट, पेरू आणि पाण्याचा तांब्या काढून घ्यायचा. संध्याकाळी घरी आलं की खाट भिंतीला उभी करायची, जमिनीवर कॅनव्हास पसरायचा आणि जेवायची हाक येईपर्यंत त्याच्याशी भांडायचं.  बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जावं ते कळेना. माय म्हणायची, "तुह्या पायाले भिंगरी लागली व पोरी." लागलीच होती.

आणि त्या रविवारी मुंबईहून मधुकरराव यायचे होते. त्यांची तिथं चित्रांची गॅलरी होती. नागपूरच्या एका प्रदर्शनात माझी दोन लहान चित्रं त्यांनी बघितली होती आणि म्हणाले होते, एखादं मोठं काम मनासारखं दिसलं तर अख्खा हॉल तुम्हाला देतो. अख्खा हॉल! माझ्या एकटीच्या चित्रांचा! त्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. हे हुकलं तर पोपट तपासता तपासताच म्हातारी होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

नागपूरला कला महाविद्यालयात होते तेव्हा आमचे एक सर मला नेहमी म्हणायचे, "नलू, तू आंजीची ना? मग बैल काढ, विहिरीवरच्या बाया काढ. तुमच्या मातीत केवढी समृद्ध परंपरा आहे!" बापा बापा! आंजीला, आमच्या गावच्या घरी, परंपरा म्हणजे उजाडायच्या आत टोपलं घेऊन म्हशीच्या मागं उभं राहणं. मी रागारागानं नुसते चौकोन काढले. दोन वर्षं चौकोनाशिवाय काही काढलं नाही. बसा म्हटलं शोधत, कुठं दिसते तुम्हाला माती.

पण हात मेला ऐकेना. बाकीची मुलं लाकडी घोडीवर कॅनव्हास लावून ऐटीत उभी राहायची. उभं राहिलं की माझा हात लुळा पडायचा. शेवटी मी कॅनव्हास खाली टाकायची, उकिडवी बसायची, डावा हात गुडघ्यावर, आणि उजव्या हातानं अर्धगोल ओढत ओढत मागं सरकायची, दाराच्या दिशेनं. ओल्यावर पाय पडू नये म्हणून. सगळा वर्ग हसायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण तो हात कुणी घडवला ते मला ठाऊक होतं. लहान असताना मायनं मला सपरीत, म्हणजे ओसरीत, बसवून शिकवलं होतं, हात पोचते तेवढंच घे, नव्या फटकाऱ्याची कड जुन्याच्या कडेवर चढव, भिंतीकडून दाराकडे ये. नागपूरला जाऊन मी 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं. हाताचं काय करणार होते?

तर हे मोठं चित्र. ते मी सारवण म्हणून सुरू केलंच नव्हतं. सुरुवातीला निळं होतं. निळं बुजवलं, लाल आलं. लाल मला सहन होईना, तेही बुजवलं. महिनोन्‌महिने असंच चाललं. शेवटी सगळ्यावरून तपकिरी फिरला, फटकाऱ्यावर फटकारा, आणि दाराकडच्या कडेला आले तेव्हा हात आपोआप थांबला. झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे पाय जमिनीवर स्वस्थ टेकले.

तेवढ्यात माय वाळलेले कपडे घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. आत येईना.

"नलू, याच्यावर काही काढाचं राह्यलं न व?"

"नाई. झालं."

"झालं कसं? सारवण असं कोरं ठेवते काय कोणी?"

झालं, तिथून जी लागली माझ्या मागं! भाकर वाढताना, वेणी घालताना, दळण आणताना, एकच भुणभुण. एक बोट तं ओढ. एक चिमूट तं टाक. तिचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. आंजीतलं शेंबडं पोरही सांगेल. सारवलं की त्यावर रांगोळीची रेघ पाहिजे, काहीच नाही तर कुंकवाचं बोट. कोरं सारवण एकाच दिवशी ठेवतात, घरातून माणूस नेला की.

"माय, हे चित्र आहे, घर नाई आपलं," मी वैतागून म्हटलं.

"म्हूनच तं सांगून राह्यली. लोकाच्या घरी जाईन हे. कोणाच्या भिंतीवर टांगशील? त्याच्या घरी लेकरंबाळं असतीन."

"मंग तूच काढ न! ये, घे रंग, काढ!"

तिनं कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "माह्या हातानं चालते काय?"

मी चिडलेच. "काऊन नाई चालत? कोण्या शहाण्यानं सांगतलं?" पण ती चादरीच्या घड्या घालायला निघून गेली. विधवेनं काय काढावं आणि काय काढू नये यावर मी एकटीच खोलीत भाषण ठोकत राहिले.

रविवारी मधुकरराव आले. माणूस भला होता, ते आधी कबूल करते. न सांगता दारातच चपला काढल्या, मायला नमस्कार केला. बाकीची चित्रं भराभर बघितली. मोठ्या चित्रापाशी आले आणि उभेच राहिले. मी आत जाऊन पेला उचलला, बाहेर आले, परत आत नेऊन ठेवला. 

"हेच," ते शेवटी म्हणाले. "हे समोरच्या मुख्य भिंतीवर. बाकीची याच्या आजूबाजूला. डिसेंबरात हॉल तुमचा."

मला अंगणात जाऊन उड्या माराव्याशा वाटल्या. ओठ दाताखाली धरून उभी राहिले.

"नाव काय दिलंत याला?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून माय म्हणाली, "त्याच्यावर रांगोळी राह्यली हाये जी."

कपाळ माझं! मी डोळ्यांनी तिला गप्प करत होते, पण मधुकररावांनी फार आस्थेनं विचारलं, म्हणजे काय हो आजी? आणि तिनं सगळं सांगितलं. माणूस नेला की कसं सारवतात, रेघ का नाही ओढत, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला.

"नलूताई, आणि तुम्ही हे बोलला नाहीत? हे तर प्रदर्शनाच्या पुस्तिकेत यायलाच हवं! खेड्यातला मृत्यूचा विधी, तुमचा वारसा, तुमची माती..."

आली का परत माती! समोरच्या दारानं हाकललेली, मागच्या दारानं हजर. एरवी मी तिथंच दोन शब्द सुनावले असते. पण माय आता त्यांच्याशी बोलत नव्हती. ती चित्राकडे बघत होती आणि विचारत होती मला.

"तवा तू तं नव्हती व नलू. तुले कसं दिसलं हे?"

खरंच, मी नव्हते. माझे बाबा, रूपराव, एक्याऐंशीच्या चैतात गेले. वावरातून आले, सपरीत टेकले आणि गेले. कॉलेजची तीन आठवड्यांची सहल निघाली होती, औरंगाबाद, मुंबई, बडोदा. तार होस्टेलवर येऊन पडली होती. मी आंजीला पोचले तेव्हा तेरवीही उरकली होती. दारात रांगोळी, सपरीत रांगोळी, पाहुणे आपापल्या गावी गेलेले. मी पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि मायला म्हटलं, वाढ. मग म्हैस विकली, घराला कुलूप लावलं, मायला वर्ध्याला आणलं. एवढं सगळं केलं पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही. गाव म्हणालं, रूपरावची पोट्टी मोठी खंबीर.

"तुह्या बाबाले नेलं न," माय सांगत होती, "तवा सपरी अशीच होती. हुबेहूब. शेजारच्या विमलाबाईनं सारवली, अशीच दाराकडे येत येत. तेरवीले घरच्या लेकीनं रांगोळी काढाची असते. लेक कुठी होती? मंग तिनंच काढली."

मी चित्राकडे बघितलं.  खाली निळं होतं, लाल होतं, सगळं मी बुजवत आले होते, आणि आले कुठं, तर त्या सपरीत. जी मी पाहिलीच नव्हती ती सपरी मी इतके महिने सारवत बसले होते. आणि रेघ ओढत नव्हते, कारण माझ्या लेखी बाबांची तेरवी अजून झालीच नव्हती.

मायनं रांगोळीचा डबा माझ्यापुढं धरला. म्हणाली, "घे. आता तं ओढ."

मधुकररावांनी हात पुढे केला, पण आवाज मऊ ठेवला. "नलूताई, भावनेच्या भरात काही करू नका. हे चित्र आहे तसं पूर्ण आहे. एक जरी रेघ आली तरी त्याची शोभेची वस्तू होईल, आणि मग मला ते नेता येणार नाही. आईंना हवी तर दुसऱ्या कापडावर काढा ना रांगोळी."

सगळ्यात वाईट काय सांगू? त्यांचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. रेघ आली की चित्र मरणार हे मला त्यांच्याहून चांगलं दिसत होतं. आणि मायचंही बरोबर होतं. मी मायला थापही मारू शकले असते, मुंबईला गेल्यावर ओढते म्हणून. तिनं विश्वास ठेवला असता. अख्खा हॉल, मुख्य भिंत, डिसेंबर. घास तोंडाशी आला होता.

कॅनव्हासवर कोरडी रांगोळी टिकणार नव्हती. मी पांढऱ्या रंगाची नळी पिळली, बोट बुडवलं, दाराकडच्या कडेला उकिडवी बसले आणि ओढली. आधी एक रेघ, मग तिच्यावर साधी वेल. पानं वाकडीतिकडी आली. चित्र माझ्या डोळ्यांदेखत मेलं. एवढं चांगलं चित्र मी परत कधी काढलं नाही, आजपर्यंत नाही. ती नुसती कुणाच्यातरी घरची सारवलेली सपरी झाली.

मधुकरराव रागावले नाहीत. चपला घालताना म्हणाले, "पुढं काही मोठं केलंत तर कळवा." डिसेंबरचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. मायनं केलेला चहा तसाच राहिला आणि त्यांची रिक्षा स्टेशनकडे निघून गेली.

मग मी मायवर तुटून पडले.

"झालं समाधान? गेलं सारं! तुह्या एका रेघेपायी गेलं! आता बसतो पोपट काढत! तुले काय समजते त्याच्यातलं? काऊन बोलली तू मधात? काऊन..."

रंगाची नळी मी भिंतीवर फेकली. आणखी कायकाय बोलले ते आठवत नाही, चांगलं नव्हतं एवढं नक्की. आणि बोलता बोलता मधेच माझ्या तोंडून "बाबा" निघालं. हाक मारल्यासारखं, मोठ्यानं. मग थांबेचना. मी फरशीवर बसले आणि आंजीतल्या बाया रडतात तशी गळा काढून रडले, शेजारपाजारची लाजशरम न ठेवता. प्रभाकररावांची बायको दारापर्यंत येऊन परत गेली.

माय माझ्याजवळ खाली बसली. माझं डोकं तिनं छातीशी ओढलं, आणि थोड्या वेळानं मला कळलं की तिचंही अंग गदगदतंय.

"तू काऊन रडून राह्यली?" मी विचारलं. "तू तं तवाच रडली न."

"तवा साऱ्या गावासंगं रडली," माय म्हणाली. "तुह्यासंगं रडाची राह्यलती."