खड्ड्यात ठेवलेलं एक अंडं

गुरुदासने पंचनाम्यावर सही केली, टोपण लावलं आणि पेन वनरक्षक प्रीतमला परत दिलं.

असं काही झालेलं नाही. सकाळचे सात वाजलेत, शिरोड्याच्या वाळूत कासवाचं घरटं उकरलेलं आहे आणि पेन अजून प्रीतमच्या खिशातच आहे.

खड्ड्याभोवती तिघे उभे होते. प्रीतम; कंबर धरली म्हणून पहाटे तासभर घरी जाऊन आडवा झालेला घरट्याचा राखणदार कासवमित्र गुरुदास; आणि पन्नास पावलांवर चहा-नाश्त्याची झोपडी चालवणारा कॉन्स्टान्सियो. तिघे एकमेकांच्या नखांकडे बघत होते. तिघांच्याही नखांत वाळू होती. किनाऱ्यावर हा पुरावा धरायचा का, हे प्रीतमने वहीत प्रश्नचिन्हासह लिहून घेतलं.

“तुमच्या पाटीवर ऑम्लेट आहे,” तो कॉन्स्टान्सियोला म्हणाला.

“कोंबयेच्या अंड्याचा, साहेब. कासवाच्या अंड्याचा होणा नाय. किती शिजवा, पांढरा घट्ट होणा नाय.”

“तुम्हाला कसं माहीत?”

गुरुदासने समुद्राकडे पाहिलं. समुद्र नेहमीच्या जागी होता.

“ल्हानपणी खाल्लंय,” कॉन्स्टान्सियो म्हणाला.

“कोणी दिलं?”

कॉन्स्टान्सियोने खड्ड्यात पाहिलं. तळाशी एकच अंडं ठेवलेलं होतं. मग त्याने गुरुदासकडे पाहिलं.

गुरुदासला आईविना वाढवलं ते सावित्रीकाकीने. पूर्वी ती वाळूत काठी टोचून घरटी शोधायची आणि दोन्ही पोरांना, घरच्या गुरुदासला आणि शेजारच्या कॉन्स्टान्सियोला, पोटभर खायला घालायची. घरटं ओळखायची तीच विद्या शिकून गुरुदास कासवमित्र झाला होता. सगळी काढली तर दर्याला वाईट वाटतं, म्हणून काकी एक अंडं मागे ठेवायची. गावात एवढ्या सभ्यतेने चोरी दुसरं कोणी करत नव्हतं.

“बोल रे गुरू,” कॉन्स्टान्सियो हळूच म्हणाला, “तुका कोणाचो संशय आसा?”

गुरुदास उकिडवा बसला. त्याने अंड्यावर थोडी वाळू लोटली.

“माका काय म्हायत?”

कॉन्स्टान्सियोने खांद्यावरचा टॉवेल काढून घडी घातली.

“लिवा साहेब. मीच काडलंय. झोपडी मोडा, नायतर माका बांदा. पण बेगीन करा, थंय चाय उतू जाता.”

प्रीतमने वही मिटली, परत उघडली.

“इतक्या लवकर कबूल करताय, याचाच मला संशय येतोय.”

तरी त्याने लिहून घेतलं. साक्षीदार एकच होता, गुरुदास. प्रीतमने पेन पुढे केलं.

यानंतर काय झालं नाही, ते वर आलंच आहे.

घरी सावित्रीकाकीने ताट वाढून ठेवलं होतं.

“खा रे झिला. वाळूत बसान बसान कंबार गेली तुझी. ह्येना बरी होतली.”

ताटात भाकरी होती. बाजूला अंड्याचं पिवळं शिजलेलं होतं. पांढरं अजून थरथरत होतं.

“काकी, माझ्या सहीवर कॉन्स्टान्सियोक घेऊन गेले.”

“कित्याक?”

गुरुदासने ताट कोपराने सरकवून कागदापुरती जागा केली.

“मा. वनक्षेत्रपाल यांस,” त्याने लिहिलं. “विषय: सहीबाबत. महोदय, आज सकाळच्या पंचनाम्यावर मी सही केलीच नव्हती, असा दाखला दोन प्रतींत मिळावा, एक मला व एक कॉन्स्टान्सियो यांना, ही नम्र विनंती.”