चाळिसावं मिनिट

प्रीतीचा लेख दुपारी चारपर्यंत पुण्याला जायचा होता आणि जेवण झाल्यापासून ती एकाच वाक्यापाशी घुटमळत होती. वाक्य झकास होतं, हीच पंचाईत. ‘ब्रिटिश कॉमेडीला हल्ली दुखवट्याची लागण झाली आहे.’ दिवाळी अंकाच्या संपादक अर्पिताताईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी त्याचाच मथळा केला होता.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत पत्रव्यवहार सांभाळणारी प्रीती इंग्रजी शिकली ती तिकडच्या विनोदी मालिका बघून, खाली येणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवून. एका ‘सॉरी’त तिकडची माणसं लाज, राग, शिवी, सगळं कसं कोंबतात, हे तिनं मस्तगड भागातल्या घरात बसून ओळखलं होतं. म्हणून तर चिडली होती. पूर्वी तिथला विनोद माणसाला तोंडघशी पाडायचा आणि उचलायला जायचा नाही. आता टीव्हीवरच्या मालिकेत पाचव्या भागाला कुणीतरी रडतंच. रंगमंचावरचा एकटा विनोदवीर तर घड्याळ लावल्यासारखा चाळिसाव्या मिनिटाला दिवे मंद करून आपलं दुःख बाहेर काढतो. हसायला बोलावून रडवायचं, ही फसवणूक आहे, असं तिनं लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. तरी ती दोनदा उठून पाणी पिऊन आली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून, कोण जाणे का, पुन्हा वाळत घालून आली.

शेवटी एक वाक्य तपासायचं म्हणून तिनं लॅपटॉपवर तसलाच एक प्रयोग लावला. शेजारी बाबा येऊन बसले. पुंजाराम मास्तर, शाळेतून निवृत्त. आईला, चांगुणाबाईंना, जाऊन आठ महिने झाले होते, आणि बाबांनी तिचा विषय काढला, की प्रीतीला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

पडद्यावरचा माणूस आईच्या आजारपणावर आला होता.

“काय म्हणून राह्यला हा?” बाबांनी विचारलं.

“त्याची आई गेली. तेच सांगतोय.”

बाबांनी चष्मा पुसून खुर्च्यांच्या रांगा बघितल्या. “अन् एवढे लोक भेटायला आले?”

“भेटायला न्हाई हो बाबा. तिकीट काढून आलेत.”

“तिकीट काढून भेटायला? मंग एवढ्यांच्या चहाचं कसं केलं त्यानं?”

प्रीती फिसकन हसली. बाबा मात्र गंभीर.

“हसू नको. बराबर करून राह्यला तो. आपल्याकडं जो आला तो विचारायचा, ‘काय झाल्तं?’ की मी सुरू, पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी मला पाठ झाल्तं, कुठं थांबलं की बाया च्च करतेत. फक्त बीपीचं कुणाला सांगितलं न्हाई.”

“कोणतं बीपी?”

“दवाखान्यात तुझी माय संडासला गेल्ती अन् मी तिच्या खाटंवर आडवा झालो. डोळा लागला. नवा डॉक्टर आला, म्हणला, चांगुणाबाई? मी झोपेत म्हणलो, हां. त्यानं माझं बीपी घेतलं, तिच्या फायलीत लिवलं अन् गेला.”

“अन् मिशा?”

“चादर व्हती ना तोंडावर! सिस्टरनं मंग खोडलं ते. पण तुझी माय दिवसभर वार्डात सांगत फिरली, ‘आज माझी तब्येत एकदम चांगली ए. फक्त मिशा तेवढ्या फुटल्या.’”

आई तशीच म्हणाली असेल. नाकावर पदर धरून. प्रीतीच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं. बाबा म्हणाले, “भेटायला आलेल्या माणसाला हसवावं का, म्हणून ठेवून दिल्तं.”

या वेळी प्रीतीला कुठलंच काम आठवलं नाही.

साडेतीनला तिनं अर्पिताताईंना फोन लावला. “ताई, तो मथळा काढा. वाक्य खोटं आहे.”

“अगं बाई, पान लागलंय! बरं, चारच्या ऐवजी साडेचारपर्यंत थांबते, तासाभरात दुसरा लेख देशील? नाहीतर ते पान मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.”

“न्हाई,” प्रीती म्हणाली. पुण्याशी बोलताना ती जपून ‘नाही’ म्हणायची. “तासाभरात न्हाई व्हायचं, ताई. मी अजून ऐकलंच न्हाई.”

तिचा पहिलावहिला दिवाळी अंक हातचा गेला. तिनं लॅपटॉप मिटला आणि खुर्ची बाबांच्या समोर ओढली.

“बाबा, काय झाल्तं?”

“आत्ताच तर सांगितलं.”

“पहिल्यापासून सांगा.”

बाबांनी तिच्याकडं बघितलं, पाय वर घेऊन मांडी घातली, घसा खाकरला.

“मंग आधी चहा ठेवतो,” म्हणत ते परत उठले. “तू भेटायला आलीस ना.”