यादीताईंनी दिलेला शब्द

बुरशीवर जीव टाकणारी माणसे जगात किती, असे कोणी विचारले असते तर यादीताईंनी डोळे मिटून आकडा सांगितला असता. सोळाशे बारा. कोणी कुजक्या लाकडावरची छत्रीसारखी बुरशी अभ्यासणारे, कोणी पानांवरचे तांबडे ठिपके मोजणारे, कोणी पावावरच्या हिरव्या लवेत अख्खे आयुष्य घातलेले. ही सगळी मंडळी एका टपालयादीत होती. एकाने मेल लिहिला की तो सोळाशे बाराही जणांच्या पेटीत जाऊन पडायचा. त्या यादीची देखरेख यादीताई अकरा वर्षे करत होत्या, घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून. खरे नाव कोणाच्या लक्षात राहिले नव्हते, आणि त्यांनाही त्याचे काही वाटत नसे. देवाने ज्याला जे काम नेमून दिले त्याच नावाने त्याला हाक पडावी, याहून मोठा मान कोणता?

पण यादी फुगत गेली. दिवसाला नव्वद मेल येऊ लागले. कोणाला एक बक्षीस मिळाले की अभिनंदनाचे शंभर मेल, आणि मग "कृपया सर्वांना उत्तर पाठवू नका" असे सर्वांना पाठवलेले आणखी चाळीस. शेवटी करवत सरांनी तोंड उघडले. हे सर विषयातले बापमाणूस, पण लिहायला बसले की समोरच्याच्या चिरफळ्या. म्हणून ते नाव. त्यांनी लिहिले, "माझी मेलपेटी म्हणजे कचराकुंडी नव्हे. महिनाभरात शिस्त लागली नाही तर मी जाईन, आणि माझ्यामागून साठ जण येतील."

यादी फुटणे म्हणजे काय, हे यादीताईंना पक्के ठाऊक होते. विचारणारे एका बाजूला राहतात, जाणणारे दुसऱ्या बाजूला जातात, आणि दोन्हीकडे शुकशुकाट होतो. त्यांनी पदर खोचला. प्रत्येकाला पत्र लिहून विचारले: तुम्हाला काय हवे, काय नको? तीन आठवडे उत्तरे जुळवली आणि आठ कप्पे पाडले. नमुने ओळखणे, नवी पुस्तके, परिषदा, नोकऱ्या, निधनवार्ता, यादीचा कारभार असे. ज्याने ज्या कप्प्यावर खूण केली, त्याला तेवढेच मेल लगेच मिळणार. ज्यावर कप्प्याचे नाव नसेल ते सारे 'इतर'मध्ये जाणार, आणि त्याचा एकच गठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघणार, तोही ज्यांनी मागितला त्यांनाच.

तातडीचा कप्पा मात्र ठेवला नव्हता. विसरून नव्हे, ठरवून. पहिल्या मसुद्यात तो होता. त्यावर उत्तरे अशी आली की ज्याला त्याला आपलेच पत्र तातडीचे! एकाने तर स्वतःच्या लेखाचे मुद्रितशोधनही तातडीत घातले होते. यादीताई हसल्या आणि त्यांनी तो कप्पा खोडून टाकला.

खाली लिहिले, "तुम्ही मागितला नाही असा एकही मेल माझ्या हातून तुमच्याकडे येणार नाही. हा माझा शब्द."

या शब्दावर करवत सर थांबले, आणि त्यांच्यामागचे साठही.

नव्या व्यवस्थेचा पहिला दिवस सोमवार होता. दुपारी पावणेदोनला यादीताई चहाचा कप घेऊन टेबलाशी बसल्या. समोर मामंजी मटार सोलत होते. हे यादीताईंचे सासरे, छत्तीस वर्षे टपाल छाटणीच्या खोलीत घालवून निवृत्त झालेले.

"काय सूनबाई, आज तुझी टपालकचेरी गप्प?"

"तेच तर हवं होतं, मामंजी. सकाळपासून माणशी चार मेल. लोक दुवा देतायत."

असे म्हणत त्यांनी 'इतर'चा कप्पा सहज उघडला. आत सहा मेल होते. पाचवा एक वाजून दहा मिनिटांनी आलेला होता आणि त्यावर विषयच नव्हता.

"कृपया कोणीतरी मदत करा. आमचं उणे ऐंशी अंशांचं फ्रीझर बंद पडलंय. आत्ता आत उणे एकसष्ट आहे. आमच्या सरांचे चौतीस वर्षांचे जिवंत नमुने आहेत, दोन हजार नऊशे कुप्या. त्यातल्या कित्येक बुरश्यांचं रान आता उरलेलं नाही. संस्था सुट्टीवर आहे, कारागीर उद्या येणार. या शहरात मी नवी आहे, कोणाला ओळखत नाही. कोणाकडे जागा किंवा सुका बर्फ आहे का?"

खाली संस्थेचा पत्ता आणि फोन नंबर होता.

कालपर्यंत हाच मेल सोळाशे बारा पेट्यांत पडला असता आणि दहा मिनिटांत कोणीतरी हाक दिली असती. आज तो पस्तीस मिनिटे या कप्प्यात पडून होता, आणि उद्या सकाळी सहापर्यंत तसाच पडून राहणार होता. यादीताईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी फोन लावला.

"हॅलो? कोण, यादीकडून का?" पलीकडच्या बाईचा आवाज धावत आल्यासारखा होता. "कोणाचं उत्तर आलं का हो? मी मघापासून मेलपेटी उघडून बसलेय. असं कधी होत नाही, यादीवर कोणी ना कोणी बोलतंच."

"मी यादीची देखरेख करते. तुमचा मेल..." यादीताईंची जीभ अडखळली. "तुमचा मेल अजून कोणाला गेलाच नाही, ताई. चूक माझी आहे. आत्ता काटा कुठे आहे?"

"उणे चोपन्न. दाराचं रबरही गेलंय, म्हणून भराभर चढतंय. उणे वीस झालं की संपलं."

"दार उघडू नका. मी बघते."

बघते म्हणाल्या खऱ्या, पण बघायचे कुठे? यादीत येताना प्रत्येक जण आपली ओळख दोन ओळींत लिहितो: कुठे असतो, कशावर काम करतो, फोन नंबर काय. यादीताईंनी त्या सोळाशे बारा ओळखींत त्या शहराचे नाव शोधले. तीन जण निघाले.

पहिला फोन एका प्रयोगशाळेत वाजला, वाजतच राहिला आणि थकून बंद झाला. दुसरे गृहस्थ मोठ्या अगत्याने बोलले.

"बुरशी? अहो, बुरशी सोडून मला नऊ वर्षं झाली. मी आता शाळेत गणित शिकवतो."

"मग यादीत कसे?"

"तुमची भांडणं वाचायला मजा येते हो! बरं, बर्फ हवाय का? माझ्या फ्रीजमध्ये दोन ट्रे..."

यादीताईंनी आभार मानून फोन ठेवला. तिसरे नाव पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. करवत सर.

"ह्यांनी कशावर खूण केलीय?" मामंजींनी वाकून पाहिले.

"कशावरच नाही. ज्यांना जास्त ठाऊक, त्यांनीच कमी मागितलंय, मामंजी. हे आत्ता कळतंय मला."

फोन उचलला गेला. सरांनी सगळे मुकाट ऐकून घेतले.

"माझं फ्रीझर खच्चून भरलंय," ते म्हणाले. "रेटून एक खण मोकळा करता येईल. अडीचशे-पावणेतीनशे कुप्या. बाकीच्यांचं काय?"

"सुका बर्फ मिळाला तर कारागीर येईपर्यंत निभेल. पण तो कोणाकडे असेल, मला माहीत नाही."

"मग विचारा सगळ्यांना."

"सर, मी शब्द दिलाय. तुम्हालाच दिलाय."

"मला एकट्याला नाही दिलात, बाई. सोळाशे जणांना दिलात. तो मी कसा परत देऊ? मोडायचा तर तुम्ही मोडा." मग कोरड्या आवाजात ते पुढे म्हणाले, "आणि मोडलात तर मी लिहिणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. मी निघतोय. त्या बाईंचा पत्ता द्या."

पत्ता दिला. अडीच वाजले होते. तिकडून निरोप आला: उणे शेहेचाळीस.

यादीताईंनी सोळाशे बारा जणांना पाठवायची खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. अकरा वर्षांत कोणी त्यांना खोटे ठरवले नव्हते. दिलेला शब्द पहिल्याच दिवशी मोडला तर उद्या त्यांच्या कप्प्यांवर कोण भरवसा ठेवणार? साठ जण जातील. यादी फुटेल. आणि पुढच्या वेळी कोणाचे फ्रीझर बंद पडले तर हाक मारायला जागाच उरणार नाही. दुसरीकडे काटा चढत होता. तो काही कोणाचा शब्द ऐकून थांबणारा नव्हता.

"देवा, तूच सांग रे," त्या पुटपुटल्या.

मामंजींनी मटारांचे ताट बाजूला सरकवले. "देव सांगेल तेव्हा सांगेल. आमच्या छाटणीत काय होतं ते मी सांगतो. सील केलेली थैली मधेच फोडायची नाही, हा नियम. पण एकदा एका थैलीतून काहीतरी ठिबकायला लागलं. आमच्या वरिष्ठांनी ती सगळ्यांसमोर फोडली आणि वहीत आपलं नाव लिहिलं, वेळ लिहिली, कारण लिहिलं."

"मग?"

"मग चौकशी झाली त्यांची. होणारच की! लपून फोडली असती तर चोरी झाली असती, एवढंच."

यादीताईंनी बोटे कळफलकावर ठेवली. कोणतीही सबब लिहिली नाही.

"तुम्हाला दिलेला शब्द मी पहिल्याच दिवशी, दुपारी दोन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी मोडते आहे. हा मेल तुमच्यापैकी बहुतेकांनी मागितलेला नाही. तातडीचा कप्पा मीच काढून टाकला होता आणि म्हणून ही हाक तासाहून जास्त अडकून पडली. दोष माझा. कृपया खालचे वाचा." त्याखाली ती हाक चिकटवली, सगळ्यात खाली आपले खरे नाव लिहिले आणि बटण दाबले.

पहिले उत्तर दोन मिनिटांत आले: "झाला का शिस्तीचा बोजवारा?" दुसरे: "मला यादीतून काढा." तिसरेही तसेच. उणे एकेचाळीस. उणे अडतीस. यादीताईंना बसवेना. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

तीन वाजून सहा मिनिटांनी दूरच्या एका देशातून चार शब्द आले: "मेहुण्याला फोन लावतोय. थांबा."

हे गृहस्थ फक्त निधनवार्ता मागणारे. त्यांचा मेहुणा त्याच शहरात लसींच्या साठ्यावर कारकून होता. वीस मिनिटांनी त्यांचेच दुसरे पत्र: "साठ किलो सुका बर्फ निघाला. गाडी त्याचीच आहे. रस्ता विचारू नका, तो विचारत विचारत पोचेल."

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडची बाई रडत होती. रडता रडता हसतही होती.

"आला हो, बर्फ आला! काटा उणे सव्वीसवर होता तेव्हा पोचला. आता बर्फात खण लावतोय. वरचे दोन खण मऊ पडलेत, ते बहुतेक गेले. बाकीचे आहेत. तुमचे ते सर आलेत ना, ते माझ्यावर ओरडतायत की कुप्यांवर तारीख धड का लिहिली नाही."

"ओरडू देत," यादीताई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि कितीतरी वेळ ते तसेच राहिले.

सहाच्या सुमाराला करवत सरांचे पत्र येऊन पडले. विषयात कप्प्याचे नाव व्यवस्थित घातलेले: यादीचा कारभार. या एका कप्प्यातले पत्र पुढे पाठवायचे की नाही, हे ठरवणार देखरेख करणारीच. यादीताईंनी वाचले. आज शब्द मोडला गेला. मोडण्याचे कारण योग्य असले तरी कोणाच्या अनुमतीने मोडता येतो, हे कुठेच लिहिलेले नाही. तेव्हा यादीची देखरेख या बाईंनीच करावी काय, यावर सभासदांचे मत घ्यावे. त्याखाली पुरवणी होती. सरांच्या खणात ठेवलेल्या दोनशे एकाहत्तर कुप्यांची यादी, एकेकीचा क्रमांक, जागा आणि वाचता आली तेवढी तारीख. शेवटी एक ओळ: "परत नेताना पावती द्यावी. तोवर माझे फ्रीझर मी स्वतः दिवसातून दोनदा तपासेन."

"काय लिहिलंय?" मामंजींनी विचारले.

"माझ्याविरुद्ध तक्रार आहे. चांगली लिहिलीय."

त्यांनी ते पत्र, एकही अक्षर न बदलता, पुढे पाठवले.