वारा काय तुझ्या बापाचा?

मी एक जुने गाणे आहे. १९७३ साली आमच्या राजधानीत, कराकासच्या मोठ्या नाट्यगृहात मला चौदा देशांसमोर उभे करण्यात आले आणि तिथे मी एका माणसाचा सूड घेतला. मित्रांनो, आपली कथा सांगणारे बहुतेक जण शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. मी रागातून जन्मले आणि रागावरच वाढले. बाईसारखी बोलते, कारण मला एका बाईने केले.

तिचे नाव दाल्मिरा. पुएर्तो इकाको या आमच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यासमोर, तिचे पार्लर होते. लिसांद्रोशी तिचे लग्न ठरून सात वर्षे झाली होती. लिसांद्रो हॉटेलातल्या वाद्यवृंदात गायचा. आवाज चांगला होता, हे मीही नाकारत नाही. एका ऑगस्टच्या दुपारी तो पार्लरात आला आणि म्हणाला, की कलावंताला मोकळे राहावे लागते, तेव्हा आता हे पुरे. तेही चालले असते. माणसे नाती तोडतात. पण जाता जाता त्याने टेबलावरचा विजेचा पंखा उचलला, वायर गुंडाळली आणि काखेत मारून घेऊन गेला. तो त्यानेच ईस्टरला तिला भेट दिला होता.

ऑगस्टमधला आमचा उकाडा तुम्हाला काय सांगू! भिंतींनाही घाम सुटतो.

दाल्मिरा रडली नाही. तिच्यासमोर खुर्चीत एक बाई डोक्याला फेस लावून बसली होती. तिचे डोके धुता धुता दाल्मिराने बेसिनच्या कडेवर कंगव्याने ठेका धरला. त्या बाईचे केस वाळेपर्यंत मी पुरी झाले होते. पहिल्या कडव्यात लिसांद्रोची मिशी होती. ती तो बुटाच्या पॉलिशने काळी करायचा आणि घाम आला की ती ओघळायची. दुसऱ्या कडव्यात त्याचे पोट होते, जे तो चर्चवरून जाताना आत ओढून धरायचा. तिसरे कडवे मुलांसमोर म्हणत नाहीत. आणि प्रत्येक कडव्यानंतर धृपद:

"नेलास पंखा तर ने, लिसांद्रो,
वारा काय तुझ्या बापाचा?"

शनिवारी बंदरातल्या सगळ्या बायका पार्लरात डोक्याला रोलर लावून तासन्‌तास बसायच्या. त्या शनिवारी त्या मला शिकल्या. रविवारी मी धक्क्यावर होते, सोमवारी शाळेत. ते माझे सोन्याचे दिवस होते. कोळी जाळी ओढताना मला म्हणत. शार्कच्या सारणाची एम्पानादा तळणारी बाई माझ्या ठेक्यावर पीठ थापायची. पाद्रीबाबासुद्धा सायकलवरून जाताना दुसरे कडवे पुटपुटत, असे म्हणतात.

आमच्या बंदराची एक रीत आहे. गाणे कुणावरही करावे, मग तो नगराध्यक्ष का असेना. पण तो माणूस समोर आला की शब्द गिळायचे आणि नुसते गुणगुणायचे. तोंडावर शब्द म्हणणे हा आमच्याकडे फार मोठा असभ्यपणा समजतात. ज्याच्यावर गाणे, त्याच्या आईसमोरही तेच. त्यामुळे दोन वर्षे लिसांद्रो जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याच्या कानावर फक्त माझी चाल पडली. न्हावी गुणगुणायचा, हमाल गुणगुणायचे, त्याचा स्वतःचा ढोलकवालाही गुणगुणायचा. आपण आलो की लोक का गुणगुणतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आपल्याला पाहून लोकांना गावेसे वाटते, एवढीच त्याची समजूत झाली.

चाल त्याला आवडली. जुनी कोळ्यांची असेल, करणारा केव्हाच मेला असेल, असे म्हणून त्याने मला उचलले. पंखा उचलला तितक्याच सहज. माझ्यावर नवे शब्द चढवले: "तूच पहाट, तूच लाट, तूच माझ्या हृदयाची वाट." मित्रांनो, कडक तिखटाच्या रश्शात कुणी साखरेचा पाक ओतला तर त्या रश्शाला जे वाटेल, ते मला वाटले. मग स्वतःची रचना म्हणून त्याने मला 'सोन्याचा शंख' या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेला पाठवले, आणि मी निवडली गेले.

ही बातमी दाल्मिराला सांगितली खुद्द लिसांद्रोच्या आईने. दोन्या तेओतिस्ते साध्या मनाची बाई. लग्न मोडले तरी तिने पार्लर बदलले नव्हते. एका शनिवारी रोलर लावलेल्या डोक्यावर ड्रायर ओढून ती म्हणाली, की गाणे गुप्त ठेवायचे आहे, पण तुम्ही काय घरच्याच. आणि तिने पहाट, लाट, वाट हळूच गाऊन दाखवले.

पार्लरात नुसते ड्रायर घरघरत राहिले. दाल्मिराची मावशी इसोलिना दातांत केसांच्या पिना धरून बसली होती, तिला ठसका लागला.

दाल्मिराने दोन्या तेओतिस्तेचा रोलर नीट बसवला आणि म्हणाली, "छान आहे. चाल तर फारच छान आहे."

म्हातारी गेल्यावर मात्र पार्लरात गदारोळ उठला. स्पर्धेचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: गाणे कोरे हवे, पूर्वी कुठेही जाहीर म्हटलेले नको. मावशीचे म्हणणे होते, की आत्ताच्या आत्ता राजधानीत कळवून टाकावे.

"कळवलं तर काय होईल? त्याला गुपचूप काढतील, आणि तो घरी येऊन सांगेल की राजधानीतल्यांनी माझ्यावर अन्याय केला," दाल्मिरा म्हणाली. "नको. त्याला गाऊ दे. चांगला सूट घालून गाऊ दे."

"आणि जिंकला तर? तुझं गाणं गेलं मग. चौदा देशांत त्याची तबकडी वाजेल, त्याच्या नावानं."

"जिंकला नाही तरी गेलंच, मावशी. पण सगळ्यांसमोर नियमात सापडला, की त्याची तबकडी कुणी काढणार नाही. तू एवढंच बघ, बस किती मिळतात."

माझे भवितव्य असे एका वाक्यात ठरले. मी गप्प राहिले तर मोठी होणार होते, पण त्याची होऊन. बोलले तर दाल्मिराची राहणार होते, पण बंदराबाहेर मला कुणी विचारणार नव्हते.

दाल्मिरा दारोदार फिरली. आपल्या बंदराचा मुलगा एवढ्या मोठ्या स्पर्धेत उतरतोय, टाळ्या वाजवायला आपले लोक नकोत का, एवढेच ती म्हणाली. पार्लरातल्या बायका सोडल्या तर तो कोणते गाणे म्हणणार हे कुणालाच माहीत नव्हते. तिने कुणाला काही शिकवले नाही, शिकवायची गरजही नव्हती. तीन बस भरल्या. पहिल्या बसमध्ये पुढच्या बाकावर दोन्या तेओतिस्ते बसली होती, म्हणून ती बस वाटभर मला नुसतीच गुणगुणत गेली.

आता नाट्यगृहाचे सांगते. लिसांद्रो फिक्या रंगाचा सूट घालून आला. मागे चाळीस वादक. आजवर माझ्या नशिबी बेसिन, कंगवा आणि फार तर एखादे चार तारांचे कुआत्रो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावरून व्हायोलिनचा हात फिरला आणि मला कळले, की मी सुंदर आहे. क्षणभर वाटले, असू दे त्याचे शब्द. राहू या गप्प. जाऊ या चौदा देशांत.

तेवढ्यात तो धृपदावर आला. जिथे त्याचे नाव होते तिथे त्याने "लाट" म्हटले, आणि मला पुन्हा संताप आला.

सज्जात आमचे लोक बसले होते. पहिल्या सुरालाच त्यांनी एकमेकांकडे पाहिले होते. धृपद आले तेव्हा त्यांनी सवयीने जे करायचे तेच केले. लिसांद्रो समोर होता, म्हणून शब्द गिळले आणि गुणगुणायला लागले. तीन बसभर माणसे, बायका वरच्या पट्टीत, कोळी खालच्या. खाली बसलेल्या लोकांना ते फार गोड वाटले. लिसांद्रोने तर सज्जाकडे हात पसरले. फक्त परीक्षकांपैकी एक बाई हातातली पेन्सिल खाली ठेवून मान वर करून बघू लागली. कोऱ्या गाण्याची चाल यांना कशी येते?

दुसरे धृपद आले. दाल्मिरा उठून उभी राहिली. आमच्या बंदराच्या इतिहासात पहिल्यांदा कुणीतरी एका माणसाच्या तोंडावर शब्द म्हटले.

"नेलास पंखा तर ने, लिसांद्रो..."

तिचा आवाज काही मोठा नव्हता. पण दुसरी ओळ तिला एकटीला म्हणावी लागली नाही. अख्खा सज्जा कोसळावा तसा "वारा काय तुझ्या बापाचा?" खाली कोसळला. लिसांद्रोचे तोंड उघडेच राहिले. वाद्यवृंदाला थांबायचे कसे ते सुचेना, म्हणून तो वाजवत राहिला, आणि जोवर वाद्ये वाजत होती तोवर आमचे लोक गात होते. मिशी झाली, पोट झाले. दिव्यांच्या उष्णतेने मिशी खरोखरच ओघळायला लागली आणि टीव्हीचा कॅमेरा तिथून हलेना. तिसऱ्या कडव्यापर्यंत धृपद बाकीच्या देशांनाही पाठ झाले होते. मी त्या माणसाकडे बघत होते. दोन वर्षे लोक का गुणगुणत होते, ते त्याला एक एक करून आठवत होते. न्हावी. हमाल. ढोलकवाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा क्षण होता.

परीक्षकांनी मला बाद केले. शंख कुणाला मिळाला ते कुणाच्या लक्षात नाही.

परतीच्या बसमध्ये कुणी गुणगुणतही नव्हते. बऱ्याच वेळाने दोन्या तेओतिस्तेने दाल्मिराला शेजारी बसायला बोलावले.

"पंखा खरंच नेला त्यानं?"

"नेला."

"ऑगस्टात?"

"ऑगस्टात."

मग म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे आणला तो. म्हणाला, आई, तुझ्यासाठी नवा घेतला." दुसऱ्या दिवशी तिने तो पंखा पुसून, स्वतः उचलून पार्लरात आणून ठेवला आणि खुर्चीत बसून केस धुवायला सांगितले. मरेपर्यंत तिचा शनिवार चुकला नाही.

इसोलिना मावशी खूप जगली. शेवटी शेवटी तिला स्वतःचे नाव आठवत नसे, माझे तिसरे कडवे मात्र स्पष्ट म्हणायची आणि बघायला आलेल्या पाद्रीबाबांची पंचाईत करायची. दाल्मिराने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसाशी लग्न केले आणि सुखी झाली. तबकडी काढणारा एक जण नंतर आला होता. नाव काढून टाका, शब्द जरा मऊ करा, म्हणाला. तिने त्याला कॉफी दिली आणि परत पाठवले.

म्हणून तुम्हाला सांगते, कुणाचे गाणे आवडले तर जरूर घ्या, पण आधी त्याचे शब्द विचारा आणि ते कुणी केले ते विचारा. आम्ही गाणी वरून गोजिरी दिसतो. पण आम्हाला उघडेनागडे करून दुसऱ्याचे कपडे चढवले, तर आम्ही विसरत नाही.

लिसांद्रो कुरासाओ बेटावर गेला. तिथल्या हॉटेलांत वेगळ्या नावाने गायचा. तिथेही कुणीतरी ओळखायचे. सत्तरी ओलांडल्यावर तो परत आला. मिशी पांढरी, पोट सुटलेले. तो पार्लरात येऊन उभा राहिला. बाहेर पोरी दोरीवरच्या उड्या मारत मला म्हणत होत्या. लिसांद्रो म्हणजे कोण, हे त्यांना माहीतही नव्हते.

"दाल्मिरा, आता तरी थांबव हे," तो म्हणाला.

तिने त्याला बसायला खुर्ची दिली. तिचा राग केव्हाच गेला होता, ते मला ठाऊक होते. "मी कधीच थांबवलंय, लिसांद्रो. तुला माफही केलंय. पण ते आता माझ्या हातात नाही."

ती खरे बोलत होती. ते माझ्या हातात आहे. आणि बाहेर पोरी माझ्या दुसऱ्या कडव्याला नुकत्याच लागल्या होत्या.